ओरिजिनल भाऊ

गोंदियात कुणालाही काहीही विचारावं. धानाला यंदा काय भाव निघाला, नागझिऱ्याला कोणत्या गेटने जावं, विदर्भ एक्स्प्रेस आज किती लेट आहे. उत्तर मिळतं, वर चहाही मिळतो. फक्त ओरिजिनल भाऊंना त्यांच्या गाडीचा रंग कोणता, हे विचारू नये. "हिरवा ना?" असं तर मुळीच म्हणू नये. एका नवख्या पोस्टमनने ते म्हटलं होतं. त्या दिवशीचं अर्ध्या वॉर्डाचं टपाल दुसऱ्या दिवशी वाटलं गेलं.

भाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू द्या. 'ओरिजिनल' ही पदवी गल्लीने दिलेली आहे आणि ती त्यांनी पद्मश्री मिळाल्यासारखी स्वीकारली आहे. तसा ओरिजिनलवाला प्रत्येक गावात एक तरी असतोच. कुणाला नाट्यसंगीत 78 च्या तबकडीवरच ऐकू येतं. कुणी हापूसच्या पेटीतलं गवत हुंगून आंबा देवगडचा की कर्नाटकातला हे सांगतो आणि मग तो आंबा खातच नाही. भाऊंचा ओरिजिनलपणा एका मोटारीच्या रंगावर येऊन बसला, एवढाच फरक. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. नोकरीची बरीच वर्षं इटियाडोहच्या कालव्यांवर गेली. कालव्याला किलोमीटरमागे किती सेंटिमीटर उतार द्यायचा, यावर ठेकेदाराशी दोन-दोन महिने भांडलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्या सेंटिमीटरांचं करायचं काय, हा प्रश्न होता. तो गाडीने सोडवला.

गाडी म्हणजे 1968 ची फियाट 1100 डी. इंजिन 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. हीच गाडी पुढे नाव बदलून 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली, पण भाऊंसमोर या गाडीला पद्मिनी म्हणणं हे त्यांच्या आजीला तिच्या नातीच्या नावाने हाक मारण्यासारखं आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो 1 मे 1999 ला. त्यामुळे भाऊ कलेक्टर कचेरीसमोरून जाताना न चुकता सांगतात, "जिल्हा अलीकडचा आहे. गाडी जुनी."

ही गाडी त्यांना एका बंद पडलेल्या राइस मिलच्या मागच्या शेडमध्ये सापडली. चाकं धानाच्या कोंड्यात रुतलेली, आत मांजरीची तिसरी पिढी. भाऊंनी मिलवाल्याच्या मुलाला पैसे दिले, ट्रॅक्टरला दोर बांधला आणि गाडी घरी आणली. मांजरीही आल्या. गाडीचा वरचा रंग तेव्हा तपकिरी-लाल होता. गोंदियाभर लोक "लाल फियाट घेतली म्हणे" असं बोलू लागले आणि भाऊ रात्रभर जागे राहिले, कारण त्यांना वायपरच्या बुडाशी एक वेगळाच रंग डोकावताना दिसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या मडगार्डवर रुपयाएवढ्या जागेत वॉटर पेपर फिरवायला सुरुवात केली. मधोमध जास्त घासायचं, कडेला कमी. असं केलं की रंगाचे थर एकात एक वर्तुळांनी उघडे पडतात. मधे पत्रा, त्याभोवती रेड ऑक्साइड, मग राखाडी सरफेसर, मग हिरवट काहीतरी, मग मलई, मग आकाशी, मग पांढरा आणि सर्वांत बाहेर तो तपकिरी-लाल. भाऊंनी या वर्तुळावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिकटवला आहे. घरी कुणीही आलं, अगदी मुलीला बघायला आलेले पाहुणेसुद्धा, की आधी टॉर्च लावून हे वर्तुळ दाखवलं जातं.

आणि दाखवावं असं ते आहेही. प्रत्येक थराखाली एक मालक आहे. मलई थर मिलवाल्याच्या पहिल्या मुलाच्या लग्नातला. हिरवी गाडी वरातीत शोभत नाही असं व्याह्यांचं म्हणणं पडलं. आकाशी थर एका डॉक्टरांचा. पांढरा थर तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा, त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि पांढरी अँबेसेडर मिळाली नव्हती. तो पडला, गाडी विकली. तपकिरी-लाल रंग कुणी दिला ते कुणालाच सांगता येत नाही, आणि भाऊ म्हणतात की त्या माणसाने पुढे येऊ नये यातच शहाणपण आहे.

तर खालून तिसरा, तो हिरवट थर ओरिजिनल. आता तो मेळवायचा, एवढंच काम राहिलं होतं. हे एवढंच काम गेली कित्येक वर्षं चालू आहे.

जुन्या गाडीचा कारखान्यातला रंग शोधायचा तर उन्हाने न खाल्लेली जागा शोधावी लागते. बाहेरचा रंग ऊन बदलतं, पाऊस बदलतो. लाल फिका पडतो, पांढरा पिवळट होतो, बोट लावलं तर बोटाला खडूसारखी भुकटी लागते. खरा रंग लपलेला असतो डिकीत स्टेपनीखाली, दारांच्या रबरी बीडिंगखाली, दाराच्या आतल्या कार्डबोर्डमागे, डॅशबोर्डच्या पोटात. भाऊ या सगळ्या जागी शिरले. डॅशबोर्डखाली शिरले तेव्हा फक्त पाय बाहेर होते आणि दूधवाल्याने त्या पायांकडूनच पैसे मागून घेतले. त्या मोहिमेत त्यांना बोटभर लांबीची एक लोखंडी पट्टी मिळाली. 1968 पासून तिला ऊन लागलेलं नाही. तिच्यावरचा रंग जसा कुर्ल्याहून निघाला तसाच आहे. ही पट्टी भाऊ चष्म्याच्या डबीत ठेवतात. चष्मा खिशात मोकळा असतो.

पट्टी घेऊन ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री आमगाव रोडचा, हयात डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेली. त्याने पट्टी पाहिली, तीन डब्यांतून थोडं थोडं ओतलं, काडीने ढवळलं, तेलाच्या डब्याच्या कापलेल्या पत्र्यावर स्प्रे गनने एक हात मारला आणि म्हणाला, "हा घ्या जी तुमचा कलर."

भाऊंनी पट्टी पत्र्यावर ठेवली. मग पत्रा तिरका केला. मग पट्टी तिरकी केली. मग स्वतः तिरके झाले.

"पिवळा कमी आहे."

"वाळला का येते जी वर."

"वाळल्यावर गडद होईल. पिवळा नाही येणार."

"काहून नाई येनार? म्या तीस वर्सं काय केलं मंग?"

मिस्त्रीचं बरोबर होतं, भाऊंचंही बरोबर होतं. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतोच, आणि त्या काळचा हिरवा ज्या मसाल्यातून यायचा तो आता दुकानात नाही. पूर्वी हिरव्याच्या पोटात बहुधा क्रोम यलो असायचा, म्हणजे शिशाचं क्रोमेट. आजच्या मिक्सिंगच्या डब्यांत पिवळा दुसऱ्याच रसायनाचा असतो. मग होतं काय, की दोन्ही रंग उन्हात सारखे दिसतात आणि ट्यूबलाइटखाली एकमेकांचं तोंड बघत नाहीत. रंगशास्त्रात या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. भाऊंनी तो शब्द कुठेतरी वाचला आणि पुढचे दोन महिने गल्लीत लाइट गेली तरी तेच कारण दिलं.

खरं तर हे शास्त्र त्यांच्या घरात आधीपासून होतं. वहिनी ब्लाऊजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरात जातात तेव्हा कापड आणि साडीचा पदर घेऊन सरळ दुकानाच्या दारात उन्हात येऊन उभ्या राहतात. दुकानदार आतून कितीही ओरडू दे, "ताई, सेम टू सेम आहे." आतल्या दिव्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे महाराष्ट्रातल्या तमाम बायकांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. भाऊंनी मात्र त्यांचं मत कधी विचारलं नाही. गाडी हा तांत्रिक विषय आहे.

बरं, रंग ठरला तरी तो मारायचा कधी? जुन्या गाडीला भाऊंना जुनाच ड्युको हवा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा. अमेरिकेत ड्युपाँने 1920 च्या दशकात तो मोटारींसाठी आणला आणि आठवड्यांनी वाळणारे रंग तासांत वाळू लागले. 1914 ते 1925 या काळात फोर्डने मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. भाऊंच्या मते त्या ग्राहकांइतकं सुखी गिऱ्हाईक पुन्हा जन्मलं नाही. पण हा ड्युको गोंदियाच्या हवेला कंटाळलेला आहे. पावसाळ्यात मारावा तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंगावर पांढरा धुरका येतो. उन्हाळ्यात, पारा 44-45 ला टेकलेला असताना, रंग गनमधून निघून गाडीपर्यंत पोचेतो वाळतो आणि पत्र्यावर खरखरीत भुकटी बसते. राहिले दिवाळीनंतरचे महिने. हवा छान, ऊन कोवळं. पण तेव्हाच जिल्हाभर धानाची कापणी आणि चुरणी चालू असते, थ्रेशर भुसा उडवत असतात, राइस मिलचा धूर खाली उतरलेला असतो. ओल्या रंगावर तो बसला की गाडीला अंगावर काटा आल्यासारखं दिसतं. हा सगळा हिशेब मांडून भाऊंनी वर्षातले रंगकामाचे दिवस काढले. ते इतके थोडे निघाले की त्यांतले निम्मे लग्नांच्या आमंत्रणांतच गेले.

"बूथमदे मारा ना जी," मिस्त्री म्हणाला. "टू-पॅक मारा. काचेवानी चमकते."

"1968 ला कुर्ल्यात टू-पॅक होता का?"

"म्या तवा जन्मलोबी नवतो जी."

"मग बोलू नका."

मग भाऊ नागपूरला गेले. तिथे एका रंगाच्या दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे असं त्यांना कळलं होतं. हे यंत्र रंगावर टेकवलं की परतणारा उजेड मोजतं आणि कोणता रंग किती ग्रॅम घालायचा याची चिठ्ठी छापून देतं. दोन रंगांतला फरक ते डेल्टा ई नावाच्या आकड्यात सांगतं. आकडा साधारण एकच्या खाली असला की सामान्य माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही. यंत्राने फॉर्म्युला दिला. दुकानदाराने तिथल्या तिथे नमुना काढून दाखवला. यंत्र म्हणालं, एकच्या खाली. भाऊंनी नमुन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सामान्य माणसाच्या डोळ्याला."

तरी तो पत्रा ते घरी घेऊन आले. पत्र्यांना मागे नंबर घालायची त्यांची पद्धत आहे; हा तीन नंबरचा. अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेला चिमट्याने तो लटकवला. वहिनी परकर वाळत घालायला आल्या, पट्टी हातात घेतली, पत्र्याशेजारी उन्हात धरली आणि म्हणाल्या, "अहो, हाच की."

भाऊ दयेने हसले. तीन नंबरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तेवढं त्यांनी मागून प्रायमर मारलं. त्यानंतर तारेवर इतके पत्रे लागले की वहिनींनी कपडे गच्चीवर न्यायला सुरुवात केली. गल्लीतली पोरं त्या पत्र्यांवर दोन आकडी संख्या वाचायला शिकली.

मध्ये एकदा कुणीतरी बातमी आणली की बालाघाटला एका घरी त्याच सालची, त्याच रंगाची फियाट आहे, एकदाही न रंगवलेली. सीमेपलीकडे मध्यप्रदेशात, पण गोंदियाहून जवळच. भाऊ पट्टी घेऊन निघाले. त्या सज्जन माणसाने जेवू घातलं, डिकी उघडून दिली, चटई उचलून दिली. पट्टी ठेवली. रंग वेगळा! थोडासाच, पण वेगळा. आता याचा सरळ अर्थ असा की कारखान्यातसुद्धा आजचा डबा आणि उद्याचा डबा सारखा निघत नसे. तो काळ परवान्यांचा होता. गाडीचं बुकिंग करून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. गाडी दारात आली की नारळ फोडत, छटा बघत नसत. मग कुर्ल्यात तरी कोण बसणार होतं पट्ट्या लावत? पण असा सरळ अर्थ भाऊंना मानवत नाही. परत येऊन ते गंभीरपणे म्हणाले, "त्यांची गाडी ओरिजिनल नाही. बिचाऱ्यांना सांगितलं नाही मी. जेवू घातलं होतं."

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल तर तिला विंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज रस्त्यावर काढायची नाही, धंद्याला वापरायची नाही. या शेवटच्या अटीबाबत भाऊ अगदी निश्चिंत होते. त्यांच्या गाडीचं इंजिन बैठकीत 'लोकमत'च्या अंकांवर ठेवलेलं आहे आणि त्यावर फ्लॉवरपॉट आहे. घोळ झाला तो 'मूळ स्वरूपात' या शब्दांवर. नियमात त्याचा खुलासा आहे: चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. छटेचं त्यात अवाक्षर नाही. "हे राहून गेलं त्यांच्याकडून," भाऊ म्हणाले आणि दिल्लीला पत्र टाकलं. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बाद झाली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला. भाऊंनी पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि विचारलं, "पण कोणता पिवळा?"

पेपर जवळ नेणं आणि लांब नेणं हे मात्र वाढत चाललं होतं. मिस्त्रीने एकदा स्पष्टच सांगितलं, "भाऊ, राग नोका मानू, पन आधी डोरे दाखवा जी." भाऊंनी त्याच्याकडे जाणं महिनाभर बंद केलं. अखेर मुलगी पुण्याहून आली, तिने वडिलांना रिक्षात घातलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला, तो आधी करायचा ठरला.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड आत येऊ देत नाही. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. पांढरा त्याला पांढराच वाटत राहतो. मोने या फ्रेंच चित्रकाराचं तेच झालं होतं. 1923 मध्ये त्याचा उजवा डोळा केला आणि त्यानंतर रंगांवरून त्याने जो वैताग केला तो कलेच्या इतिहासात नोंदलेला आहे. डॉक्टरांनी ही गोष्ट भाऊंना धीर द्यायला सांगितली. भाऊंनी विचारलं, मोने मेळवत काय होता.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी भाऊ काळा चष्मा काढून अंगणात आले. उजव्या डोळ्याने गाडीचं वर्तुळ पाहिलं. डाव्याने पाहिलं. पुन्हा उजव्याने. एका डोळ्याला ओरिजिनल थर निळसर हिरवा, दुसऱ्याला शेवाळी. ते आळीपाळीने एकेक डोळा मिटत तासभर उभे होते. समोरच्या घरातल्या आजींनी हे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. संध्याकाळी वहिनींना जाऊन स्पष्टीकरण द्यावं लागलं.

मग तारेवरचे पत्रे. एकामागून एक, बोटभर पट्टी शेजारी धरून. शेवटचे, सर्वांत जवळ पोचलेले, ज्यांच्यासाठी दोन हिवाळे खर्ची पडले ते पत्रे नव्या डोळ्याला चक्क मोहरीच्या भाजीचे वाटले. मागे मागे जात भाऊ तीन नंबरवर आले. यंत्राचा तो पत्रा. पट्टी ठेवली. पट्टी दिसेनाशी झाली.

वहिनी गच्चीवरून कपडे काढत होत्या. त्यांचे दोन्ही डोळे दोन वर्षांपूर्वीच झाले होते. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तीस-चाळीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकलेला नाही.

मिस्त्रीला ही खबर लागली तसा तो गन, काँप्रेसर आणि पोरगा घेऊन हजर झाला. "मंग मारू का जी तीन नंबर?"

भाऊंनी डावा डोळा मिटला, उघडला. "एका डोळ्याने बहुमत होत नाही," ते म्हणाले. "दुसरा होऊ द्या."

दुसऱ्या डोळ्याची तारीख चुरणी आटोपल्यावरची आहे. तेव्हा वाचकांना एकच विनंती. तुमच्याकडे किंवा तुमच्या आत्याच्या, मामाच्या घरी 1968 ची हिरवी फियाट असेल, तिच्या स्टेपनीखाली कारखान्यातला रंग शाबूत असेल, तर तो जरूर जपा, फोटो काढा, नातवंडांना दाखवा. फक्त गोंदियाला कळवू नका. मिस्त्रीच्या पोराचं लग्न ठरलं आहे आणि त्याच्या आत ही गाडी रंगवून व्हावी अशी त्याची फार इच्छा आहे.